कापूस, मोहरी आणि दीडशे अंश

यवतमाळहून दारव्हा रोडने निघालं की शहर संपतंय असं वाटेपर्यंत लोहारा सुरू होतं. एमआयडीसी, तिथला जीन्सचं कापड तयार करणारा रेमंडचा कारखाना, घरांची दाटी. आणि ती ओलांडली की मोकळी वावरं. अशा एखाद्या धुऱ्यावर उभं राहून साध्या कॅमेऱ्यातून पाहा. ५० मिमीची नेहमीची लेन्स समोरचे जेमतेम ४० अंश दाखवते. डोळ्यांना मात्र उजवीकडची तूर, डावीकडची पऱ्हाटी आणि मधला सगळा माळ एकदमच दिसत असतो. उरलेले ३२० अंश कुठे ठेवायचे, या प्रश्नानं गेली पावणेदोनशे वर्षं फोटोवाल्यांची झोप उडवली आहे.

या खटपटीतून निघालेल्या गमती एका बैठकीत संपायच्या नाहीत. त्यातही मला ओढ आहे ती काळ्यापांढऱ्या फिल्मवरच्या लांबट फोटोंची. एक कारण असं, की त्यात नुसती जागा पसरलेली नसते, वेळही आडवा पसरलेला असतो. दुसरं कारण आमच्या जिल्ह्याला जास्त जवळचं आहे. तिथूनच सुरुवात करू.

रिळात कापूस असतो

फिल्मचा पारदर्शक पट्टा बनतो सेल्युलोजपासून, आणि निसर्गात सेल्युलोज सर्वांत शुद्ध रूपात मिळतं ते कापसाच्या बोंडात. सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू फिल्मच्या कारखानदारांना फार प्रिय होते. या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली की नायट्रेट फिल्मचा कच्चा माल तयार. ॲसेटिक ॲसिडच्या घराण्यातली रसायनं वापरली की ॲसिटेट फिल्म. आज बाजारात मिळणाऱ्या ३५ मिमीच्या बहुतेक काळ्यापांढऱ्या रिळांचा पाया सेल्युलोज ट्रायॲसिटेटचाच आहे. कच्चा माल कापूस किंवा लाकडाचा लगदा.

यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी ‘शकुंतला’ रेल्वे टाकली गेली तीच मुळी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला. तिनं वाहिलेल्या गाठी गिरण्यांसाठी होत्या; पण त्याच पिकाच्या तंतूवर जगाची छायाचित्रंही उभी होती, हे आमच्याकडच्या शाळेत शिकवायला हवं.

कोडॅकच्या ईस्टमननं गुंडाळता येणारी पहिली पारदर्शक नायट्रेट फिल्म १८८९ मध्ये बाजारात आणली. ती होती सुंदर आणि महाभयंकर. स्फोटक म्हणून वापरला जाणारा गनकॉटन हा तिचा सख्खा भाऊ. एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो. पुण्यात २००३ मध्ये जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला लागलेल्या आगीत आपल्या चित्रपटांचा किती मौल्यवान वारसा गेला, ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

ॲसिटेट फिल्म अशी पेटत नाही, पण नीट ठेवली नाही तर दुसरा सूड घेते. दमट, गरम कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या निगेटिव्हचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला, तर समजा की फिल्म सडायला लागली. असा डबा इतर डब्यांपासून लगेच वेगळा करा. हा रोग शेजारच्या रिळांचंही सडणं वाढवतो.

आणि मोहरीसुद्धा

पट्टा झाला कापसाचा. त्यावरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढलेला. त्या जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडला की कणात बदल होतो, डेव्हलपरमध्ये टाकला की त्याची काळी चांदी होते. प्रत्येक काळ्यापांढऱ्या निगेटिव्हमधला काळा रंग म्हणजे चक्क धातू आहे.

खरी मौज पुढे आहे. काही जिलेटिनची फिल्म प्रकाशाला चटकन दाद द्यायची, काहीची अगदी मंद निघायची. का, ते कोणालाच कळेना. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास कोडं सोडवलं. जिलेटिनमधली गंधकाची अगदी किंचित संयुगं फिल्मला तेज करत होती, आणि ती जनावरांच्या चाऱ्यातून येत होती. ज्या गाईंनी मोहरीसारख्या झणझणीत वनस्पती खाल्ल्या, त्यांचं जिलेटिन सरस! त्यानंतर कारखान्यांनी मोहरीवर विसंबणं सोडलं आणि गंधकाचं प्रमाण मोजूनमापून घालायला सुरुवात केली.

पाण्यानं भरलेली लेन्स

फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ मध्ये. जोसेफ पुखबर्गर या ऑस्ट्रियन माणसानं १८४३ मध्येच फिरत्या लेन्सच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. पाठोपाठ पॅरिसमध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्स या खोदचित्रकारानं असाच कॅमेरा प्रत्यक्ष चालवून दाखवला आणि पॅरिसचे दीडशे अंशांचे फोटो काढले. दोघांची युक्ती एकच. लेन्स एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळते, तिच्या मागे एक अरुंद उभी फट असते, आणि त्या फटीतून येणारा प्रकाश वाकवलेल्या पत्र्यावर पुसत जातो. पत्रा वाकवायचा, कारण फिरणाऱ्या लेन्सपासून त्याचं प्रत्येक टोक सारख्याच अंतरावर हवं.

मग १८५९ मध्ये इंग्लंडच्या थॉमस सटननं फिरवाफिरवी टाळायचं ठरवलं. काचेच्या दोन जाड वक्र भिंगांमध्ये पाणी भरून त्यानं गोळ्यासारखी लेन्स बनवली. एका दमात १२० अंश. पण प्रतिमा वाकडी पडायची, म्हणून त्याला काचाही वाकवलेल्या घ्याव्या लागल्या. काच वाकवायची, तिच्यावर ओलं रसायन सारखं पसरवायचं, वाकड्या चौकटीत ठेवून वाकड्याच भांड्यात धुवायची. त्या काळच्या फोटोवाल्यांच्या चिकाटीला दंडवतच घालावा.

त्या ओल्या रसायनाचं नाव कोलोडियन. तेही ॲसिडची प्रक्रिया केलेल्या कापसापासूनच व्हायचं, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून.

फिल्म आली आणि वाकवण्याचा प्रश्नच मिटला. ती स्वतःच वाकते! कोडॅकनं १८९९ मध्ये आणलेला ‘पॅनोरम’ हा लाकडी डब्याचा कॅमेरा स्प्रिंगवर चालायचा आणि १४२ अंश टिपायचा. सामान्य हौशी माणसाच्या हातात लांबट फोटो आला तो या सुमारास.

एकाच फोटोत एक मुलगा दोनदा

१९०४ मध्ये विल्यम जॉन्सन या अमेरिकी माणसानं ‘सर्कट’ कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं, आणि शाळांमधल्या खोडकर पोरांची चंगळ झाली. हा कॅमेरा स्टँडवर घड्याळाच्या यंत्रासारखा गर्रकन पूर्ण फिरायचा, आणि तो फिरताना आतली फिल्म उलट दिशेनं नेमक्या तेवढ्याच वेगानं सरकायची. मोठ्या सर्कटची फिल्म १६ इंच रुंद असायची आणि निगेटिव्ह वीस फुटांपर्यंत लांब जायचं.

त्यावर शाळेचा, पलटणीचा, संमेलनाचा गट-फोटो निघायचा. डावीकडच्या टोकाला उभा असलेला एखादा पोरगा कॅमेरा पुढे सरकला की रांगेमागून पळत सुटायचा आणि उजव्या टोकाला जाऊन पुन्हा साळसूद उभा राहायचा. फोटोत दोन्हीकडे तोच. लबाडी काहीच नाही, प्रिंट अस्सल. कारण डावं टोक टिपलं गेलं आधी आणि उजवं काही सेकंदांनी.

लांबट फोटोत वेळ आडवा मांडलेला असतो म्हणालो, तो असा. हॉलिवूडचा नट जेफ ब्रिजेस हाच खेळ ‘वाइडलक्स’ या जपानी कॅमेऱ्यावर खेळत आला आहे. एकाच नटाचा डावीकडे रडका चेहरा आणि उजवीकडे हसरा, एकाच निगेटिव्हवर. चित्रीकरणाच्या सेटवर काढलेल्या त्याच्या काळ्यापांढऱ्या फोटोंचं पुस्तकही आहे.

फिरत्या कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. सरळ रांगेत उभी केलेली माणसं फोटोत मध्ये फुगलेली आणि टोकांना निमुळती दिसतात, कारण टोकाची माणसं कॅमेऱ्यापासून लांब असतात. म्हणून जुने फोटोवाले दोरी धरून जमिनीवर अर्धवर्तुळ आखायचे आणि माणसं त्यावर उभी करायचे. फोटोत रांग अगदी सरळ यायची. सरळ रस्ता, विजेच्या तारा, इमारतीचा सज्जा मात्र वाकतोच. दारव्हा रोडच्या कडेला उभं राहून रस्ता आडवा टिपला, तर धनुष्यासारखा येणार हे धरून चाला आणि त्या वाकण्याचा फोटोत उपयोग करून घ्या.

सावली चुगली करते

एडवर्ड मायब्रिजनं १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा पूर्ण ३६० अंशांचा देखावा १३ मोठ्या काचांवर घेतला. जोडून ठेवला की सतरा फुटांहून लांब. सगळं शहर एका क्षणात गोठल्यासारखं वाटतं. पण त्यातली एक काच बाकीच्यांच्या ओघात घेतलेली नाही, नंतरची आहे. सावल्यांची दिशा बघणाऱ्यांनी ते पकडलं. प्रत्येक तुकड्यात सूर्य थोडा पुढे सरकलेला असतोच, फक्त आपण जोडण्याच्या नादात विसरतो.

याच शहरावर १९०६ च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्सनं १७ पतंगांची माळ लावून जवळजवळ ५० पौंडांचा कॅमेरा हवेत चढवला आणि सुमारे २,००० फुटांवरून उद्ध्वस्त शहराचा रुंद फोटो टिपला. विमानं तेव्हा पाळण्यातच होती. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांनी हा प्रकार लक्षात ठेवावा.

आपल्याकडे

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. मुंबईत रेल्वे धावून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या मंडळात होते, आणि नारायण दाजी स्वतः फोटो काढत. वैद्यकी करायची, पुरातत्त्वात रमायचं आणि वर चांदीच्या क्षारांनी बोटं काळी करून घ्यायची, असा तो उत्साही काळ.

१८५७ च्या उठावानंतर फेलिचे बिआतो लखनौला आला आणि त्यानं काचा जोडजोडून शहराचे लांबच लांब देखावे तयार केले. भारतातल्या फार जुन्या लांबट फोटोंत त्यांची गणना होते. सौंदर्य आणि संहार एकाच पट्टीत. बघवत नाही आणि नजरही हटत नाही.

वऱ्हाडाच्या वाट्याला आले मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस पुढे कॅमेऱ्याकडे वळला आणि त्यानं लोणारची मंदिरंही टिपली. १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याची आवड स्टिरिओ फोटोंची, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रांची.

लोणार! लांबट फोटोसाठी अख्ख्या महाराष्ट्रात याहून योग्य जागा मला दिसत नाही. विवर जवळजवळ गोल, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वर्तुळाच्या काठावर उभं राहिलं की समोरचं वर्तुळ नजरेचे बरोबर १८० अंश व्यापतं. वर्तुळ केवढंही असो, हा भूमितीचा नियमच आहे. वाइडलक्सचे आडवे १२६ अंश इथे अपुरे पडतात, मार्टेन्सचे दीडशेही पुरत नाहीत. फिरता कॅमेरा हवा, नाहीतर तुकडे जोडायची तयारी हवी.

काळ्यापांढऱ्यातला पहिला रुंद पडदा

लांबट चित्राचा सर्वांत मोठा खेळ मुंबईत झाला तो सिनेमात. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, साल १९५९, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आणि तो रंगीत नव्हता! व्ही. के. मूर्ती यांनी रुंद पडद्याचा प्रत्येक कोपरा प्रकाश आणि काळोखानं भरला. त्यातला तो प्रसिद्ध प्रकाशाचा झोत बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतला. दिव्यांनी मनासारखा परिणाम साधेना, तेव्हा मूर्तींनी बाहेर आणि आत मोठे आरसे लावून खरं ऊन स्टुडिओत आणलं. लांबट चौकटीत मोकळी जागा किती बोलकी होते, हे शिकायचं असेल तर तो प्रसंग थांबवून थांबवून पाहावा. मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. सिनेमॅटोग्राफरला मिळालेला तो पहिलाच.

रुंद चित्र साध्या ३५ मिमी फिल्मवर मावायचं कसं? सिनेमास्कोपची लेन्स ते आडवं निम्म्यानं दाबते. पडद्यावर दाखवताना दुसरी लेन्स पुन्हा दुपटीनं ताणते. ही लेन्स बनवली आंरी क्रेतिएं या फ्रेंच खगोलतज्ज्ञानं, १९२० च्या दशकात. सिनेमावाल्यांना तिचं मोल कळायला पंचवीसेक वर्षं लागली.

आणि फाळके? त्यांनी १९१२ च्या सुमारास ‘अंकुराची वाढ’ टिपली, वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं. सर्कटवाले काही सेकंद ताणून लांब करत होते, फाळके कित्येक दिवस दाबून आखूड करत होते.

एका हाताचा माणूस

प्रागच्या योसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. उरलेल्या एका हातानं, मानेवर-खांद्यावर अवजड कॅमेरे वाहत, त्यानं आयुष्यभर फोटो काढले. पन्नाशी ओलांडल्यावर तो जुन्या कोडॅक पॅनोरमच्या प्रेमात पडला. तो कॅमेरा तेव्हाच अर्धशतक जुना होता. निगेटिव्ह १० बाय ३० सेंटिमीटरचं. बाग, नदी, कारखान्यांची धुराडी, शहर संपतं तिथली उकिरड्याची जमीन, सगळं त्यात. ‘प्राहा पॅनोरमातिका’ हे त्याचं पुस्तक १९५९ मध्ये आलं, २८४ फोटोंचं. मी लोहाऱ्याचा उल्लेख उगाच करत नाही. शहर संपता संपताच्या जागेवर, जिथे गोदाम, वावर आणि अर्धवट बांधलेलं घर शेजारी-शेजारी येतात, तिथे लांबट चौकट किती शोभते हे सुदेकनं दाखवून दिलं आहे.

काळं कुंकू

जुन्या फोटोंत आजीच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं, पाहिलं असेल तुम्ही. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती, म्हणून लाल ते काळं. त्यामुळेच डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. पुढची पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग ओळखते. तिच्यासाठी मिट्ट काळोख लागतो. आता याच फिल्मपुढे लाल फिल्टर लावा. तेच कुंकू जवळजवळ पांढरं होऊन कपाळात विरून जाईल.

लाल फिल्टर माणसांपेक्षा आभाळासाठी. निळं आकाश काळवंडतं, ढग उठून दिसतात. पिवळ्या फिल्टरला साधारण एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो, नारिंगीला दोन, लालला तीन. लांबट फोटोत आभाळाचा वाटा मोठा, म्हणून हे फिल्टर फार उपयोगी. पोलरायझर मात्र टाळावा. तो सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळच सर्वांत गडद करतो, त्यामुळे रुंद फोटोत मध्येच एक काळा डाग पडतो आणि दोन्हीकडे आभाळ फिकट राहतं.

मे महिन्यातलं रीळ

डेव्हलपिंगच्या तक्त्यांवर २० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि टाकीतल्या पाण्याला हात लावणं मुश्कील होतं. इलफर्डची एचपी-५ प्लस फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं घेते. २४ अंशांना पाचेक मिनिटांत तयार होते. त्याहून गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदललं तर त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं.

उपाय आपल्या घरातलाच आहे. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करायची, बर्फ रसायनात टाकायचा नाही. धुण्यासाठी आदल्या रात्रीचं रांजणातलं पाणी वापरायचं. आणि तुरटी! दाढी केल्यावर फिरवतो तीच, पोटॅश ॲलम. जिलेटिन घट्ट करण्यासाठी ती हायपोमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, रीतसर घातली जाते, कारखान्यातून आलेल्या हार्डनरमध्येही तीच असते.

डेव्हलपिंगची टाकी हलवण्यात हयगय करू नये. लांबट फोटोतलं सलग आभाळ असमान धुलाईचे पट्टे लगेच दाखवतं.

फिल्मच्या कारखान्यालाही गार, निर्मळ हवा लागते. हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला तो उटीला, निलगिरीच्या थंडीत. त्याचं ‘इंदू’ रीळ एके काळी गावोगावच्या स्टुडिओत असायचं. तो बंद पडला याची हळहळ काळ्यापांढऱ्या फोटोंवर जीव असणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आकाशातून आलेलं रीळ

काळ्यापांढऱ्या फिल्मवरचे सर्वांत अचाट लांबट फोटो हेरांनी काढले. अमेरिकेच्या ‘कोरोना’ उपग्रहांत फिरत्या लेन्सचे कॅमेरे होते आणि ७० मिमी रुंद फिल्म. रीळ भरलं की डबा पृथ्वीकडे सोडायचा, पॅराशूट उघडायचं, आणि विमानानं तो हवेतल्या हवेत आकड्यानं पकडायचा! ऑगस्ट १९६० मध्ये हे पहिल्यांदा जमलं आणि १९७२ पर्यंत चाललं. नंतरच्या कॅमेऱ्यांची एक चौकट सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असायची आणि जमिनीवरची १४ बाय १८८ किलोमीटरची पट्टी टिपायची. अशी पट्टी यवतमाळहून ईशान्येला टाकली तर नागपूर ओलांडून पुढे जाईल. १९९५ मध्ये हे फोटो खुले झाले. भारतही त्यांत आहे. धरणं भरण्याआधीचे नदीकाठ, वाढण्याआधीची शहरं, नांगरली जाण्याआधीची पांढरीची टेकाडं संशोधक आज त्यांतून शोधतात.

शंकरपटाचा फोटो कसा काढाल?

घोड्यांच्या शर्यतीतला ‘फोटो फिनिश’ हा लांबट फोटोचाच मावसभाऊ. कॅमेरा हलत नाही; अरुंद फट शेवटच्या रेषेवर रोखलेली असते आणि मागून फिल्म सरकत राहते. म्हणजे त्या फोटोतली डावी-उजवी बाजू ही जागा नाहीच, ती निव्वळ वेळ आहे. फोटोभर एकच रेषा, वेगवेगळ्या क्षणी. जे स्थिर उभं आहे त्याच्या आडव्या रेघोट्या होतात, जे फिल्मच्या वेगाशी जुळतं तेच नीट दिसतं. आमच्या विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, सेकंदाच्या बारीक अंशावर जोड्या जिंकतात-हरतात. तिथे अशी फट लावून काळ्यापांढऱ्या रिळावर बैलांची लांब पट्टी कोणीतरी काढावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

फसवा पॅनोरमा

१९९० च्या दशकातल्या छोट्या कॅमेऱ्यांवर ‘पॅनोरमा’ असं बटण असायचं. ते दाबलं की आत वरखाली दोन काळ्या पट्ट्या यायच्या, बस्स. ३६ बाय २४ चं निगेटिव्ह ३६ बाय १३ चं व्हायचं. रुंदी तिळभर वाढायची नाही, उंची मात्र कापली जायची. खरा लांबट ३५ मिमी कॅमेरा हवा तर हॅसलब्लाड एक्सपॅनचं निगेटिव्ह ६५ मिमी लांब. मोठ्या १२० फिल्मवर ६ बाय १७ चा कॅमेरा घेतलात तर अख्ख्या रिळात फक्त चार फोटो. आणि ते मोठे करायला साधा एनलार्जर चालत नाही, ५ बाय ७ इंची निगेटिव्हचा लागतो. म्हणूनच जुने लोक काँटॅक्ट प्रिंट काढायचे, निगेटिव्ह कागदावर ठेवून जेवढ्यास तेवढा.

घरच्या घरी

महागड्या कॅमेऱ्यावाचूनही जमतं. पहिला रस्ता तुकडे जोडण्याचा. ५० मिमी लेन्सचा कॅमेरा उभा धरला की २७ अंश दिसतात. प्रत्येक तुकडा मागच्यावर एक तृतीयांश चढवायचा, म्हणजे दर वेळी १८ अंश वळायचं. वीस फोटोंत वर्तुळ पूर्ण आणि ३६ च्या रिळात सोळा शिल्लक. एक्स्पोजर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच ठेवायचं, नाहीतर जोड उघडे पडतात.

खरी मेख आहे वळण्याच्या बिंदूत. कॅमेऱ्याखालच्या स्क्रूभोवती वळलात तर जवळची पऱ्हाटी आणि लांबचं कडुलिंब एकमेकांवरून सरकतात. लेन्सच्या आत, पुढून पाहिल्यावर जिथे छिद्र दिसतं, त्या जागेभोवती वळायला हवं. तपासणं सोपं. एक काठी जवळ, एक लांब, दोन्ही एका रेषेत. कॅमेरा वळवताना त्या वेगळ्या झाल्या नाहीत, तर बिंदू सापडला.

दुसरा रस्ता कपाटातून जातो. कित्येक घरांत आग्फा क्लिक-३ पडलेला असतो, १२० रिळावर बारा चौकोनी फोटो देणारा. त्यात ३५ मिमीची फिल्म मधोमध बसवायची, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या चकत्या लावून. मागची लाल खिडकी काळ्या टेपनं बंद करायची, कारण या फिल्मला मागे कागद नसतो. निघतात लांबट फोटो, आणि चित्र थेट कडेच्या भोकांपर्यंत पसरतं. ती दातेरी किनार मला फार आवडते. रीळ काढायचं मात्र पूर्ण अंधारात, रजईखाली हात घालून.

तिसरा रस्ता डब्याचा. पत्र्याचा गोल डबा आतून काळा रंगवा, एका बाजूला सुईनं ०.३ मिमीचं छिद्र पाडा आणि समोर पाच सेंटिमीटरवर डब्याच्याच वळणानं फिल्म टेकवा. वाकलेल्या फिल्मची टोकं छिद्रापासून फार लांब जात नाहीत, म्हणून कडाही फारशा अंधारत नाहीत. १०० च्या फिल्मला यवतमाळच्या भर दुपारच्या उन्हात साधारण एक सेकंद पुरतो. छिद्रावर काळी टेप लावा. धुऱ्यावर दगड टेकवून डबा घट्ट बसवा, टेप उचला, एक म्हणा, टेप लावा.